विभूतीच्या पुडीतला खोकला

घटक

औशाच्या बाजारगल्लीत, स्टीलच्या भांड्यांच्या दुकानामागे जे घर आहे त्यात: सासरे अमृतराव, एक. सासू गौरम्मा, एक. मुलगा रविकिरण, एक. सून मंजुश्री, बी.एस्सी., माहेर नांदेड, एक. पदर, गरजेप्रमाणे.

हे कसे काम करते

अमृतराव घरात यायचे ते खाकरून.

दुकान पुढे, घर मागे, मध्ये अंगण. पहिलं खाकरणं दुकानाच्या मागच्या दारात व्हायचं. मंजुश्री मोबाइल पालथा ठेवायची. दुसरं अंगणात, बेलाच्या झाडाशी; पदर डोक्यावर जायचा. तिसरं उंबऱ्याशी, तोवर पाण्याचा तांब्या चौकटीपाशी ठेवून ती आतल्या खोलीत गेलेली असायची. लग्नाला चार वर्षं झाली होती आणि या चार वर्षांत सासरे-सून एकमेकांशी थेट एक वाक्य बोलले नव्हते. भांडण वगैरे काही नव्हतं. रीत होती. गौरम्मानंही तिच्या सासऱ्यांचा चेहरा म्हणे नीट पाहिला तो त्यांच्या फोटोला हार घालताना.

घरच्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप होता. त्यावर दोघंही होते. तिथंसुद्धा मंजुश्री नवऱ्याला लिहायची, 'अहो, मामांना सांगा, सिलिंडर आलाय.' मामा दोन मिनिटांनी लिहायचे, 'रवी, तिला सांग, कळलं.' रविकिरण हे सगळं त्यांच्या शेजारच्या स्टुलावर बसून वाचायचा.

कशासाठी वापरतात

लातूरच्या डॉक्टरांनी अमृतरावांची बीपीची गोळी बदलली. नवी गोळी, रोज सकाळी एक.

गोळ्या लोक पत्त्यानं घेतात. अमृतराव व्यापारी होते. त्यांनी आयुष्यात ताटलीसुद्धा सुटी विकली नव्हती आणि काडीपेटी सुटी घेतली नव्हती. भागवतच्या मेडिकलमधून त्यांनी अख्खा डबा आणला. दहा पत्ते, शंभर गोळ्या.

डबा गौरम्मानं उघडला. आत गोळ्यांबरोबर घडी घातलेला एक कागद निघाला. उलगडला तर हातभर लांब. बारीक इंग्रजी छपाई, आणि कागद इतका पातळ, गुळगुळीत, दुमडला की दुमड जागेवर राहणारा.

"किती ग्वाड कागद हाय," गौरम्मा म्हणाली आणि देवघराकडे गेली.

गौरम्मा विभूतीच्या पुड्या बांधायची. गल्लीत कुणाचं मूल रडलं, कुणाची परीक्षा आली, कुणी नवी गाडी घेतली की पुडी हिच्याकडून जायची. वर्तमानपत्राची शाई विभूतीला लागते आणि वहीचा कागद जाड पडतो, हे तिचं तीस वर्षांच्या अनुभवानंतरचं मत होतं. औषधाच्या डब्यातला कागद मात्र देवानं त्याच कामासाठी धाडलेला असावा. तिनं त्याचे पाच तुकडे केले.

घेण्यापूर्वी वाचा

कुणी वाचलं नाही.

संभाव्य परिणाम

विसाव्या दिवशी अमृतरावांना खोकला सुरू झाला.

कफ नाही, ताप नाही. नुसता कोरडा, घशात कुणी चिंचोका अडकवल्यासारखा. खुह्. खुह् खुह्. गिऱ्हाइकाला परात दाखवताना खुह्. जेवताना खुह्. पूजेला बसून तळहातावर इष्टलिंग घेतलं की हमखास खुह्.

आणि आत घरात प्रत्येक खुह्ला यंत्र चालू व्हायचं. मोबाइल पालथा. पदर. तांब्या. मंजुश्री कणीक मळत असली तर पिठाच्या हातानं पदर. न्हाणीत असली तर डोक्यावर टॉवेल. येतंय कोण? कोणीच नाही. मामा दुकानात बसून खोकतायत. तांब्या परत आत. तोवर खुह्. एका संध्याकाळी तिनं अकरा वेळा तांब्या ठेवला आणि दहा वेळा उचलला; अकराव्याला ती तिथंच भिंतीला टेकून बसली. बाराव्या वेळी मामा खरोखर आले. तिला वाटलं, हाही दुकानातलाच. ती मोबाइलवर बहिणीशी बोलत, पदर खांद्यावर, पाय पसरून बसलेली. सासरे उंबऱ्यात उभे. दोघंही एकमेकांना बघून दचकले. मामा तर उलटे फिरून पुन्हा बेलाच्या झाडापर्यंत गेले आणि तिथून नव्यानं खाकरत आले.

हे औषध चालू असताना काय करू नये

माहेरी जाऊ नये.

हे गौरम्मानं सांगितलं. मंजुश्रीच्या धाकट्या बहिणीचं, ऋतुजाचं, लग्न नांदेडला ठरलं होतं, तारीख सव्वीस. मंजुश्री सख्खी थोरली बहीण, करवली तीच. कलश हातात घेऊन नवरीमागं उभं तिनंच राहायचं होतं, साडीसुद्धा येऊन पडली होती.

"मालकाची छाती अशी वाजायली," गौरम्मा म्हणाली, "अन् सून माहेरी लग्नात मिरवायली म्हटल्यावर लोक शेण घालतील तोंडात. खोकला थांबू दे. मग खुशाल जा."

"अन् नाही थांबला तर?"

"तर ऋतुजाला व्हिडिओवर अक्षता टाक. आता निघालंय की तसलं."

सव्वीस तारखेला एकोणीस दिवस होते.

इतर औषधांबरोबर घेतल्यास

त्याआधी, खोकल्याच्या पहिल्या आठवड्यात अडुळशाचा काढा झाला होता. दुसऱ्या आठवड्यात भागवतनं खोकल्याचं औषध दिलं. त्यानं खोकला थांबला नाही, पण झोप यायला लागली. अमृतराव दुकानात गल्ल्यावर डोकं ठेवून झोपायचे आणि झोपेत खोकायचे. गिऱ्हाईक बाहेरूनच परत जायचं. झोप उडावी म्हणून दिवसाला आठ कप चहा सुरू झाला. चहानं छातीत जळजळ. जळजळीला आणखी एक गोळी, तीही डब्यानं.

मग लातूरला नेऊन फोटो काढला छातीचा. फोटो स्वच्छ आला. सगळ्यांना बरं वाटलं, अमृतराव सोडून.

"मशिनमध्ये येत न्हाई म्हंजे लई आतलं हाय," ते रविकिरणला म्हणाले, आणि तिथून पुढं त्यांनी सल्ले द्यायला सुरुवात केली. दुकान नीट बघ. आईला उलटं बोलू नको. तांब्याच्या भांड्याला चिंच लावून ठेवत जा. असं बोलताना खोकला यायचा, आणि ते हात वर करून थांबायचे, जणू यमाला म्हणतात, एक मिनिट, वाक्य पुरं होऊ दे.

मंजुश्रीनं कॅलेंडर काढलं. गोळी कधी आली, त्या दिवशी दुधाच्या खाड्याची खूण होती. खोकला कधी सुरू झाला, त्या दिवशी एकादशी. मध्ये वीस दिवस. काढा, फोटो, चहा, सगळं नंतरचं. आधीचं एकच. ती बी.एस्सी. होती, ज्या गोष्टीनंतर दुसरी गोष्ट घडते ती पहिल्या गोष्टीमुळंच घडते असं नाही, हे तिला माहीत होतं. पण विचारायला काय हरकत?

"आत्याबाई, मामांना विचारा ना, हा खोकला नव्या गोळीनंतर सुरू झाला का?"

गौरम्मा अंगण ओलांडून गेली. गौरम्माला निरोप जसाच्या तसा पोचवणं म्हणजे पाहुण्याला चहा न देता वाटेला लावण्यासारखं वाटायचं. ती त्यात थोडं आपलं घालायची, थोडं काढायची.

"ती विचारून राहिली, सकाळची गोळी घेतलाव का?"

"घेतलो म्हणून सांग." खुह्.

गौरम्मा परत आली. "घेतलेत म्हणे. तू उगी फिकीर करू नको."

मोबाइलवर शोधून रविकिरणला सांगितलं तर तो म्हणाला, "आप्पांना मी सांगू, की डॉक्टरनं दिलेल्या गोळीनं खोकला येतो? अन् ते म्हणतील, कुणी सांगितलं? मी म्हणू, मोबाइलनं? मोबाइलवर तर कांद्यानं मोतीबिंदू जातो."

"तो व्हिडिओ मामांनीच ग्रुपवर टाकलेला."

"म्हणूनच त्यांचा विश्वास न्हाई."

ती मेडिकलमध्ये गेली. भागवतनं ऐकलं आणि शांतपणे मान हलवली.

"हाव वहिनी. या जातीच्या गोळीनं येतोय कोरडा खोकला. शंभरातल्या आठ-दहांना येतोच."

"मग भागवतभाऊ, तीन आठवडे तुम्ही त्यांना खोकल्याचं औषध विकताय!"

"ते मागतात खोकल्याचं औषध, मी खोकल्याचं औषध देतो. खोकला कशानं आला, हे मला कुणी विचारलं? तुम्हीच पहिल्या." मग आवाज उतरवून, "माझं नाव घेऊ नका. डब्यानं घेणारं एकच गिऱ्हाईक हाय औशात. अन् गोळी तुमची तुम्ही बंद करू नका बरं का, बीपी वर जाईल. डॉक्टरला भेटून बदलून घ्या. डब्यात कागद असतोय, त्यावर सगळं लिहिलेलं असतंय. तो दाखवा त्यांना. छापील म्हटल्यावर ऐकतील."

डब्यात कागद नव्हता.

वेष्टनाबद्दल

दुसऱ्या दिवशी गुरुवार. गौरम्मानं देवघरातली पुडी सुनेच्या हातात दिली. "ही उघड अन् वाटीत ओत. मालकाच्या घशाला लावते. आता हाच इलाज राहिला."

मंजुश्रीनं पुडी उघडली. विभूती वाटीत पडली. कागदावरची राख तिनं बोटानं पुसली, आणि बोटाखालून अक्षरं निघाली. बारीक, इंग्रजी. ती उजेडाला धरून एकेक शब्द लावत गेली: काही रुग्णांना कोरडा, सतत येणारा खोकला होऊ शकतो, औषध थांबवल्यावर तो जातो, असं झाल्यास आपल्या डॉक्टरांना...

पुढं फाटलं होतं.

खोकला कशानं आला ते ज्या कागदावर छापलं होतं, त्याच कागदात त्या खोकल्यावरचा इलाज बांधून ठेवलेला होता.

"आत्याबाई," ती हळूच म्हणाली, "हा कागद कुठला?"

"मालकाच्या डब्यातला. का? चांगला हाय की न्हाई?"

"बाकीचा कुठाय?"

गौरम्मानं बोटं मोडत आठवलं. पाच पुड्या. ही देवघरातली. एक समोरच्या कमलम्माला. एक रवीच्या स्कूटरच्या डिकीत. एक पाळणाघरवाल्या सुमनबाईला.

कागदाच्या या तुकड्यावर गोळीचं नावच नव्हतं. नाव नसलेला खोकला मामांपुढं ठेवला असता तर ते म्हणाले असते, हा दुसऱ्या कुणाचा.

कमलम्मानं पुडी शिलाई मशिनच्या खणातून काढून दिली, पण विचारून घेतलं की बदली पुडी कधी मिळणार, कारण ही ठेवल्यापासून सुई मोडली नव्हती. त्या तुकड्यावर गोळी लहान मुलांच्या हाताला लागू देऊ नये एवढंच होतं. सुमनबाईची पुडी पाळण्याला बांधलेली, त्यावर मूत्रपिंडाबद्दल. स्कूटरमधली ऑइलनं काळी झालेली. रविकिरण म्हणाला, तरी ॲक्सिडेंट झाला न्हाई.

"अन् पाचवी?"

गौरम्मा जरा लाजली. "ती मी त्यांच्या बंडीच्या खिशात ठेवलीय. डाव्या. छातीशी."

डॉक्टरांना कळवा

दुपारचे चार. दुकानात गिऱ्हाईक नाही. अमृतराव गादीवर, चष्मा कपाळावर, तिसऱ्या की चौथ्या चहाचा कप पुढ्यात. खुह्. आत, सवयीनं, मंजुश्रीचा हात पदराकडे गेला. पदर तिनं घेतलाही. पण तांब्या घेतला नाही. ती अंगण ओलांडून गेली, बेलाच्या झाडापाशी थांबली, आणि काय करावं न कळून स्वतःच खाकरली.

दुकानात रविकिरण ताडकन उभा राहिला.

ती दारात आली.

"मामा."

अमृतरावांनी बाहेर रस्त्याकडे पाहिलं, आणखी कुणाचा मामा आलाय का म्हणून.

"मामा, तुमच्या डाव्या खिशातली पुडी द्या."

चार वर्षांत सुनेनं मागितलेली ही पहिली गोष्ट होती. माणसानं धक्क्यात जे करावं ते त्यांनी केलं. खिशात हात घालून पुडी पुढं केली. मंजुश्रीनं ती एका उपड्या परातीवर सोडली, राख फुंकली, आणि देवघरातला तुकडा शेजारी ठेवला. फाटलेल्या कडा दातात दात बसावा तशा बसल्या. खिशातल्या तुकड्यावर, मोठ्या अक्षरात, गोळीचं नाव होतं.

"पत्ता काढा," ती म्हणाली. त्यांनी पत्ता काढला. नाव तेच.

मग तिनं वाचून दाखवलं, मराठीत, न अडखळता. अमृतरावांनी चष्मा खाली ओढला. बोट कागदावर ठेवलं.

"हे छापील हाय?"

"कंपनीचं आहे."

"म्हंजे हे त्यांना आधीपासून माहीत व्हतं? मला खोकला येणार हे?" खुह्. "माझं नाव घ्यायचंच बाकी ठेवलंय की ह्यात." आणि मग एकदम मागं बघून, "गौरम्माऽ!"

गौरम्मा अंगणातच उभी होती, तोंडाला पदर लावून. "मला इंग्लिश येतंय का? मी कागद बघितला, कागद चांगला व्हता."

अमृतरावांनी दोन्ही तुकडे पुन्हा एकदा जुळवून पाहिले. सगळ्यांना वाटलं, आता विषय संपला. पण ते व्यापारी होते. त्यांनी डबा ओढला, पत्ते मोजले.

"पन्नास राहिल्यात," ते म्हणाले. "एवढा डबा संपू दे. मग बदलू."

रविकिरणनं डोळे मिटले. गौरम्मा म्हणाली, "बरोबर हाय, टाकायच्या कशाला?" मंजुश्रीच्या मनात सव्वीस तारीख आली, कलश आला, आणि व्हिडिओवर अक्षता टाकणारे आपलेच हात दिसले.

"मामा," ती म्हणाली, "पन्नास दिवसांनी ऋतुजा पहिल्या सणाला माहेरी येऊन परतसुद्धा गेली असेल. मी तोवर इथं तांब्या उचलत बसू? तुम्ही खोकलात की मी पदर घेते, मोबाइल ठेवते, तांब्या काढते. महिना झाला. कधी कधी दिवसात चाळीस वेळा. तुमचा खोकला दुकानात असतो आणि कवायत माझी होते."

बाहेरून एक टमटम गेला.

अमृतरावांना हे नवीन होतं. आपलं खाकरणं आत पोचल्यावर पुढं काय होतं, याचा विचार त्यांनी कधी केला नव्हता. खाकरलं की घर जागेवर असायचं, एवढंच त्यांना ठाऊक. त्यांनी चाळीस तांबे डोळ्यांपुढं आणले, ओळीनं. ते हसले. हसण्यानं खोकला आला, आणि खोकता खोकता त्यांनी, दोन्ही हात वर करून, सुनेला सांगितलं, "थांब, थांब, ह्याला पदर घिऊ नको, हा हिशोबात न्हाई."

मात्रेत बदल

लातूरचे डॉक्टर म्हणाले, "खोकला सुरू झाला तेव्हाच यायचं ना. मला फोटो कसला दाखवताय, गोळ्यांचं सांगायला हवं होतं." अमृतराव म्हणाले, "तुम्ही तरी कुठं विचारलाव?" डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला आणि गोळी बदलून दिली. खोकला जायला दोन-तीन आठवडे लागतील. नव्या गोळीनं काहींच्या पायाला सूज येते, लक्ष ठेवा. काही वाटलं तर गोळी तोडू नका, मला फोन करा.

रिक्षात अमृतराव थेट मंजुश्रीकडे बघून बोलले. रविकिरण मधे बसला होता. तो मागं सरला.

"सूज कशी वळखायची?"

"घोट्यावर बोट दाबायचं. खड्डा पडून राहिला तर सूज."

"अन् कागद?"

"कागद मी वाचून, मराठीत लिहून देते."

"अन् पत्तेच घ्यावं का, डबा नगं?"

"सध्या एकच पत्ता."

सुटा पत्ता विकत घेताना अमृतरावांनी भागवतकडे पाहिलं नाही. भागवतनंही त्यांच्याकडे पाहिलं नाही.

गोळी बदलल्याच्या तेराव्या दिवशी दुपारी घर गप्प होतं. संध्याकाळपर्यंत दोनच खुह्, तेही आखूड. रात्री जेवताना अमृतराव ताटाकडे बघत म्हणाले, "उद्या सकाळच्या गाडीनं जा. कलश धरायचाय तुला." जरा थांबून, "फोन मात्र घेत जा."

साठवण

नांदेडला हळदीच्या मांडवात मंजुश्रीचा फोन वाजला. स्क्रीनवर मामा. व्हिडिओ. चार वर्षांत पहिल्यांदा. हळदीच्या हातानं तिनं पदर डोक्यावर घेतला आणि बटण दाबलं.

आधी कुणी दिसलंच नाही. नुसतं ऐकू आलं: खुह्.

"परत सुरू झाला?" ती मांडवाच्या कडेला सरकली.

"न्हाई, न्हाई." अमृतरावांचा चेहरा कडेनं हळूहळू आत आला. "हे खाकरलो. येतोय म्हणून."

मागं, त्यांच्या दुकानातल्या भिंतीवर, तिच्या अक्षरातला कागद चिकटवलेला दिसत होता. दुष्परिणाम, क्रमांक घातलेले. काहींपुढं बरोबरची खूण.

"पाय दाबून बघितलो," ते म्हणाले. "खड्डा न्हाई. डोकं दुखणं, न्हाई. चक्कर, न्हाई. आता सातवा नंबर: तोंडाची चव जाणं."

"गेली का?"

अमृतरावांनी फोन तोंडाजवळ आणला आणि आवाज खाली केला. "दुपारच्या वरणाला चव नव्हती. पर ते गोळीच्या आधीपासून हाय. मग ते धरायचं का न्हाई?"

"कुणाचं वरण?" मागून गौरम्मा.

"न्हाई धरायचं, मामा," मंजुश्री घाईनं म्हणाली. "जे आधीपासून आहे ते दुष्परिणामात येत नाही."

"हे बरं सांगितलीस," म्हणत त्यांनी पेन काढलं, भिंतीकडे वळले आणि सातव्या क्रमांकापुढं, गौरम्माला दिसेल अशा मोठ्या अक्षरात लिहिलं: आधीपासून.